गेको घरी आला, पण खात नाही? या चुका टाळा

लेपर्ड गेको, म्हणजे घरात काचेच्या टाकीत पाळली जाणारी ठिपकेदार पाल, फारसा आवाज करत नाही. चुकचुकते ती आपल्याच मनातली शंकेची पाल, आणि तीही बहुतेक चौथ्या-पाचव्या दिवशी. आणताना टुणटुणीत दिसलेला प्राणी कोपरा धरून बसलेला असतो, समोर सोडलेल्या किड्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग घरातले सगळे डॉक्टर होतात. लाइट बदल, वाळू टाक, हातावर घे, चिमट्याने तोंडापाशी धर. आमच्या ठिपक्याच्या पहिल्या आठवड्यात मी यातलं जवळपास सगळं करून पाहिलं. आजीचं म्हणणं वेगळंच होतं: "भिंतीवर फुकट फिरतात की चार, ही विकत कशाला आणलीस?"

खरं तर भिंतीवरच्या पालीशी याची तुलना करणं हीच पहिली चूक. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे तो काचेवर चढत नाही. त्याला पापण्या असतात, शेपटीत तो चरबी साठवतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. मूळचा अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. दिवसा दगडाच्या फटीत, संध्याकाळनंतर बाहेर. तेव्हा दुपारी लपून बसलेला गेको आजारी नसतो, झोपलेला असतो.

खात नसेल तर आधी काय बघायचं? तापमान. आणि तेही हवेचं नव्हे, त्याचं पोट जिथे टेकतं त्या जमिनीचं.

माझी चूक इथेच झाली. मार्च महिना, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर २८ अंश दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त. दहा दिवसांनी वायरीच्या थर्मामीटरचं टोक (प्रोब) थेट हीट मॅटवरच्या, म्हणजे टाकीखाली ठेवायच्या विजेच्या गरम चटईवरच्या, फरशीवर ठेवला, तर आकडा ४३! बिचारा पलीकडच्या काचेला चिकटून बसायचा तो लाजाळूपणामुळे नव्हे, भाजण्याच्या भीतीने. सरपटणाऱ्या प्राण्याला बाहेरची ऊब मिळाली नाही तर अन्न पचत नाही, आणि ऊब असह्य झाली तर तो तिच्या जवळच जात नाही. दोन्हीकडे परिणाम एकच, खाणं बंद. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) जोडल्यावर तिसऱ्या रात्री ठिपक्याने दोन रातकिडे मटकावले.

तेव्हा मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावूच नका. टाकीच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली मॅट, वरची जमीन ३१ ते ३३ अंश, आणि दुसरं टोक २४ ते २६ च्या आसपास. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं. तापणारे कृत्रिम दगड नकोत, त्यांनी पोट भाजतं. रात्री लाल दिवाही नको.

आता पुण्याची गंमत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी त्याच खोलीत पंखा लावावासा वाटतो. त्यामुळे टाकी गॅलरीत किंवा खिडकीशी ठेवू नका. काचेतून येणारं थेट ऊन तासाभरात टाकीची भट्टी करतं. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५ च्या वर गेली तर प्रश्न उलटा होतो, थंड बाजू कुठून आणायची? आमच्याकडे फुटक्या माठाचं मोठं खापर उपडं घालून ठेवतो आणि वरून पाणी शिंपडतो. माठ जसा पाणी गार करतो, तसंच ते खापर आतली जागा गार ठेवतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि हिवाळा असेल, तर टाकीवर जाड चादर टाका, हवेला फट ठेवून. प्रौढ गेकोला काही तासांची थंडी सोसते.

तापमान ठीक असूनही खात नसेल तर बहुधा तुमचा हात नडतोय. पहिले दहा-पंधरा दिवस फक्त पाणी बदला, शी उचला, किडे सोडा आणि लांब राहा. सोसायटीतल्या पोरांचं दर्शन नंतर ठेवा. शेपटीला धरलं तर ती तुटते, आणि नवी येते ती आखूड आणि गाजरासारखी फुगीर. शेपटी जाड असलेला प्रौढ गेको दोन आठवडे उपाशी राहिला म्हणून घाबरायला नको. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतका धीर धरू नका. स्वयंपाकघरातला ग्रॅमभर वजनही दाखवणारा डिजिटल काटा (पण त्याच्यासाठी वेगळा घ्या) आठवड्यातून एकदा वापरा. अंदाजापेक्षा वजन खरं बोलतं.

वाळू टाकू नका, 'कॅल्शियम सँड' लिहिलेली तर नाहीच. किड्याबरोबर ती पोटात जाते आणि आतडं तुंबतं. सुरुवातीला टिश्यू पेपर उत्तम, शी कशी आहे तेही दिसतं. नंतर शहाबादी फरशीचा तुकडा घाला. ऊब धरून ठेवते, नखं झिजवते आणि पुसायला सोपी.

खाणं म्हणजे जिवंत किडेच. फळ, पोळीचा तुकडा, उकडलेलं अंडं, काही नको. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. पिल्लांना रोज, प्रौढांना दोन-तीन दिवसांनी. किड्यांना आदल्या दिवशी गाजर-पालेभाजी खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमची पूड लावा. कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्व कमी पडलं की जबडा मऊ होतो, पाय वाकतात, अंग थरथरतं, आणि वाकलेली हाडं पुन्हा सरळ होत नाहीत. उरलेले रातकिडे रात्रभर आत ठेवू नका, तेच झोपलेल्या गेकोला चावतात. घरातली झुरळं आणि दिव्याभोवतीचे पावसाळी किडे मोह पाडतात, पण औषध फवारलेलं कुठलं ते कळत नाही. काजवा तर चुकूनही नको, तो विषारी असतो.

टाकीजवळ मच्छरची लिक्विड, उदबत्ती, फिनेल नको. पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टाकी दुसऱ्या घरी हलवा.

कोरड्या हिवाळ्यात कात नीट निघत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडा, कडा घासा, आत ओला टिश्यू ठेवा, झालं ओलसर घर. बोटांवर कात अडकून राहिली तर रक्तपुरवठा तुटून बोट गळतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं उभं करून कापसाच्या काडीने हळूच सोडवा, ओढू नका. निघालेली कात तो स्वतःच खातो, ते नॉर्मल आहे.

'एकटा कंटाळतो' म्हणून जोडीदार आणू नका. दोन नर रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि दोन माद्यांतही एक दुसरीला उपाशी ठेवते. टेकडीवरून किंवा घाटातून उचललेली रानपाल तर घरात आणायचीच नाही. विकत घेतलेल्याचंही बिल आणि तो कुठे जन्मला याची माहिती जपून ठेवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू त्यांच्या पोटात असू शकतो. आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, आजी बरोबर पकडते.

शेपटी बारीक होत चालली, शी सतत पातळ आहे, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय किंवा डोळे उघडत नाहीत, तर थांबू नका. फोन करून आधी विचारा की डॉक्टर सरपटणारे प्राणी बघतात का, कारण बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांपुरतेच असतात. जाताना ताजी शी छोट्या डबीत, वजनांची वही आणि थर्मामीटरचा फोटो न्या. गेकोला झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात टिश्यूवर ठेवा आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षाने जा. स्कूटरच्या डिकीत नको, सिग्नलला दोन मिनिटं थांबलात तरी आत किती तापतं ते हात घालून बघा.