शुगर आणि पॅरालिसिस एकाच पेशंटला: घरच्या सेवेत या चुका टाळा

पॅरालिसिसचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की कोल्हापुरात पाहुणे डब्यातून पांढरा रस्सा आणतात. 'अंगात ताकद येईल,' म्हणतात. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतील, तर सगळ्यात आधी ठसका लागतो तो पातळ पदार्थाचा. रस्सा, चहा, साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. घास गिळल्यावर आवाज ओला, घरघरता येतो तेवढंच. म्हणून डिस्चार्जच्या आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. भरवताना पेशंटला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, घास लहान आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

यातूनच पुढची चूक होते आणि ती जास्त घातक आहे. इन्सुलिन नेहमीच्या वेळी टोचलं, पण ठसक्यामुळे जेवण मात्र दोन घासांवर थांबलं. तासाभरात घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. घरातले म्हणतात, 'झोप लागलीया, झोपू दे की,' नाहीतर 'परत झटका आला' म्हणून रडारड. शुगर घसरली की एका बाजूची ताकदही जाऊ शकते, त्यामुळे नुसतं बघून ओळखायच्या भानगडीत पडू नका. आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ज्यांना पातळ चालत नाही त्यांना ते कसं द्यायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मध, गूळ, पाणी काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. आणि ताट समोर आल्याशिवाय सुई नको; जेवणाचा भरवसा नसेल तर डोसची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या.

सिरिंजचा घोळ वेगळाच. इन्सुलिनची बाटली ४० ची (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपणाची ४० ची सिरिंज, १०० ची असेल तर नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातं. मेडिकलवाला देईल ती सिरिंज घेऊन येऊ नका, बाटलीवरचा आकडा दाखवा.

बाकीचं थोडक्यात. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका; भाजलेलं पेशंटला कळत नाही. उठवताना लुळा हात ओढला तर खांदा निखळतो. थायरॉइडची गोळी सकाळच्या चहासोबत दिली तर नीट लागू पडत नाही. ती उपाशीपोटी, चहाआधी अर्धा ते एक तास. स्टिरॉइड चालू असेल तर मनाने बंद करायचं नाही. फिट आली तर चप्पल हुंगवणं सोडा, मग ती अस्सल कोल्हापुरी का असेना. दातांत चमचाही घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा.

शुगर ठीक आहे, पण तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय? मग हा नवा झटका असू शकतो, वाट बघू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) न्या किंवा खासगीत, पण निघतानाच फोन करून सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का ते विचारा, आणि पेशंट शेवटचा धड किती वाजता दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या.