शहाबादी, कडप्पा, जांभा : दुरुस्तीतल्या या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की बेळगावात ॲसिडच्या बाटल्या खपतात आणि पुढच्या आठवड्यात फरशी घासणाऱ्यांची शोधाशोध सुरू होते. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो तो मळ सुटल्याचा नव्हे, दगड विरघळल्याचा.

शहापुरातल्या एका जुन्या घरात गवंड्यानं सिमेंटचे डाग काढायला माजघरभर ॲसिड मारलं आणि तसंच ठेवून जेवायला गेला. परत येईतो फरशी पांढरीफटक, खरखरीत. सांध्यांतलं सिमेंट भुसभुशीत. वर घरच्यांनी खोबरेल चोपडलं. दोन दिवस काळीभोर दिसली, मग धूळ धरून चिकट झाली.

यावर घासण्यावाचून इलाज नाही. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तेल काढा. मग पाणी मारत १२०, २२०, ४००, ६०० नंबरचे घासकागद क्रमानं. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा फिरवा आणि मधे गाळ धुऊन टाका. घाईवाले १२० वरून थेट ६०० वर उडी मारतात. चकाकी येते, पण खिडकीतून तिरका उजेड आला की सगळे ओरखडे दिसतात. दगड ओळखता येत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाका. डाग उठला तर ॲसिडची बाटली परत ठेवा.

ग्रॅनाइटला फेस येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, त्यातलं लोह गंजून पिवळे डाग पडतात.

ओट्याची भेग पांढऱ्या सिमेंटनं भरू नका. त्याच दगडाची भुकटी फडक्यातून गाळून ॲराल्डाइटमध्ये (इपॉक्सी डिंकात) कालवा. भेग कोरडी हवी, भरणी किंचित वर ठेवा, २४ तासांनी ब्लेडनं तासा.

खानापूरकडच्या जांभ्याच्या (लाल सच्छिद्र दगडाच्या) भिंतींना सिमेंटचा गिलावा, हा तर शुद्ध आळस. जांभा पाणी पितो आणि वाळतोही. सिमेंटनं वाळायची वाट बंद होते, मग क्षार फुलतात आणि दगडाचा भुगा पडतो. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, दोन-अडीच सेंटीमीटर खरवडा, भिंत ओली करा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू घालून भरा. आठवडाभर ओलं पोतं हवंच. पावसाळ्यात हे काम काढू नका. आणि भिंत आतून वाळण्याआधी वॉटरप्रूफ रंग लावलात, तर आतली ओल तो पापुद्र्यानिशी सोलून काढते.