जीव कुठे ओतायचा, कुठे हात आखडायचा

रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघते. आयटीआय करून येणारी काही मुलं ‘चालतंय’ म्हणून जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, तसाच पुढे सोडून देतात, ती गेजवर (माप तपासायच्या साधनावर) लगेच सापडतात. जी एकाच जॉबला कुरवाळत बसतात त्यांचं मात्र कौतुक होतं. हे त्यांच्यासाठी.

मशीन चालू करण्याआधी ड्रॉइंगवरच्या कडक मापांना लाल पेनने गोल करा. समजा शाफ्ट आहे आणि त्यावर 6205 बेअरिंग बसणार आहे. तिथे के6 फिट (बेअरिंग किती घट्ट बसावं याचा ठरलेला दर्जा) दिलंय, म्हणजे व्यास 25.002 ते 25.015 मिमीच्या आत हवा. फक्त 13 मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागांची) मुभा. इथे जीव ओता. मायक्रोमीटरचा झीरो तपासा, जॉब थंड होऊ द्या. मापं 20 अंशांना धरलेली असतात, गरम जॉब फुगलेला असतो आणि निवल्यावर कमी भरतो. मग फिरवून दोन-तीन जागी माप घ्या.

त्याच शाफ्टची लांबी 180 मिमी आहे, जनरल टॉलरन्स (वेगळी मुभा न लिहिलेल्या मापांची सरसकट मुभा) मीडियम, म्हणजे अर्धा मिमी इकडे-तिकडे चालतो. 179.7 आली? पास. पुढचा जॉब लावा. बरोब्बर 180 करायला पुन्हा चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) धरलात तर सेंटर हलू शकतो, आणि ज्या बेअरिंगच्या जागेवर एवढा वेळ घालवला तीच रनआउटमध्ये जाते, म्हणजे फिरताना डगमगते. चमक यावी म्हणून एमरी पेपर मारायचा मोहही असाच. व्यास 25.004 असेल तर घासता घासता तो खाली उतरतो आणि बेअरिंगची पकड सैल होते. तोवर ठाणे-बेलापूर रोड तुंबलेला असतो आणि टेम्पो गेटवर उभा.

एखादं माप आणखी कडक हवं असं मनापासून वाटलं तर डिझाइनवाल्यांना विचारा, ड्रॉइंग बदलून घ्या. परस्पर करू नका.

रिपोर्टलाही हेच. लाल गोलातली मापं आकड्यात लिहा, बाकीची तपासून ‘ओके’ पुरे.

बर (कापताना कडेला उरलेली धारदार किनार) मात्र प्रत्येक कडेची काढा, ड्रॉइंगवर लिहिलेलं नसलं तरी. असेंब्लीतल्या मावशी दिवसभर हे तुकडे उघड्या हातांनी उचलतात.