फ्लॉक्सचे रोप टाकताना: हिवाळी फुलांसाठी सल्ला

परतीचा पाऊस थांबतो न थांबतो तोच फ्लॉक्सचे रोप टाकायची घाई होते. मग वाफ्यात उगवण विरळ दिसली की दोष बियाण्याच्या पाकिटाला दिला जातो. बी बहुतेक वेळा चांगलेच असते. त्याला नको असतात त्या दोन गोष्टी: ऑक्टोबरमधली तापलेली माती आणि थेट उजेड.

आपल्याकडे हिवाळ्यात लावतात तो हंगामी फ्लॉक्स मूळचा टेक्सासचा. तिथल्या वालुकामय जमिनीत त्याचे बी शरद ऋतूतल्या गारव्यात उगवते आणि झाड वसंतात फुलते. थॉमस ड्रमंड या संग्राहकाने पाठवलेल्या बियांतून ते १८३५ मध्ये इंग्लंडच्या बागांत पोहोचले. या झाडाला पाण्याचा निचरा आणि उगवणीच्या वेळी गारवा का लागतो, ते त्याच्या मुलखावरूनच कळते. माती १५ ते २० अंशांच्या आसपास असेल तर आठ ते बारा दिवसांत चांगली उगवण होते.

म्हणून पुणे, नाशिक, अहिल्यानगर पट्ट्यात ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा धरावा. त्याआधी टाकायचेच असेल तर ट्रे शेडनेटखाली, भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत ठेवावेत. विदर्भात थंडी चांगली पडते, पण मार्चमध्ये ऊन लवकर चटके देऊ लागते, त्यामुळे तिथे उशीर परवडत नाही. कोकण आणि गोव्यात दमटपणा ओसरेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत थांबावे आणि या पिकाकडून अपेक्षाही बेताचीच ठेवावी. पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या सुमारास भरते. त्या दिवसांत फुललेल्या कुंड्या विकायच्या असतील, तर बी टाकण्यापासून फुलापर्यंतचे दहा ते बारा आठवडे मागे मोजावेत. बारा आठवडे धरले तर तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीची येते. शेंडा खुडण्याचा आणखी एक आठवडा जोडला तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडाच येतो.

ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत भरून प्रत्येक कप्प्यात एक बी टाकावे. वर अर्धा सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा थर पसरून बी पूर्ण झाकावे. फ्लॉक्सच्या बाबतीत हे झाकणे फार महत्त्वाचे आहे. झारीने हलके पाणी देऊन ट्रेवर काळा कागद किंवा ओले गोणपाट घालावे. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून पाहावे आणि पहिले कोंब दिसताच आच्छादन त्याच दिवशी काढावे, नाहीतर रोपे लांबट आणि पिवळी होतात. गादीवाफ्यावर टाकत असाल तर बी ओळीत आणि विरळ टाकावे. दाट रोपे सततच्या ओलीने बुडाशी कुजून कोलमडतात. माध्यमात आधीच ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळणे आणि संध्याकाळी पाणी न देणे, या दोन सवयींनी हे नुकसान बरेच टळते.

चार ते सहा पानांवर, साधारण चार आठवड्यांनी, पुनर्लागवड करावी. मुळे नाजूक असतात, म्हणून रोप मातीच्या गोळ्यासकट उचलावे आणि उन्हे कलल्यावर लावावे. बुटक्या जातींना २० आणि उंच जातींना ३० सेंटिमीटर अंतर द्यावे. दहा इंची कुंडीत तीन रोपे पुरतात. काळ्या चिकण जमिनीत वाळू आणि चौरस मीटरला चार-पाच किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा. रोप रुजल्यावर शेंडा खुडला की फुटवे वाढतात. फूल आठवडाभर पुढे जाते, पण झाड डेरेदार होते. माझ्या मते हा सौदा कुंडीसाठी नक्कीच फायद्याचा आहे.

पाणी सकाळी आणि बुडाशीच द्यावे, वापसा (माती फार ओली नाही, फार कोरडीही नाही अशी स्थिती) पाहून. नत्राचा मारा टाळावा, नाहीतर पाने माजतात आणि फूल मागे राहते.

जानेवारीत दिवसा ऊन आणि रात्री थंडी असताना पानांवर पांढरी भुरी येते. ती आधी खालच्या, हवा न लागणाऱ्या पानांवर दिसते. अशी पाने लगेच काढून जाळावीत आणि पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. तापमान ३२ अंशांवर असताना गंधक फवारू नये, पाने करपतात. फुललेल्या झाडांवरही शक्यतो टाळावे, पाकळ्यांवर डाग राहतात. मावा आणि फुलकिड्यांसाठी सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो.

पहिला बहर ओसरला की झाड एक तृतीयांश छाटून पातळ शेणपाणी द्यावे. पुणे-नाशिककडे मार्चपर्यंत दुसरा बहर मिळतो. विदर्भात हा खटाटोप करू नये.

ऑनलाइन बियाणे घेताना पाकिटावर ड्रमंडी हे हंगामी फ्लॉक्सचे शास्त्रीय नाव आहे का ते पाहावे. पॅनिक्युलाटा हा उंच, बहुवर्षायु फ्लॉक्स उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला आहे. त्याला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते, त्यामुळे आपल्या मैदानी भागात त्याच्यावर पैसे घालू नयेत. न्यू जर्सीकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र तो जरूर लावावा. त्यातली ‘डेव्हिड’ ही पांढरी जात भुरीला बऱ्यापैकी दाद देत नाही.

घरचे बी धरायचे असेल तर बोंडे पिवळसर होताच सकाळी खुडून कागदी पिशवीत सावलीत वाळवावीत. झाडावर पूर्ण वाळू दिली तर ती तडकून बी दूर उडते. संकरित जातींचे बी मात्र धरू नये, पुढच्या वर्षी रंग आणि उंची तशीच येत नाही.