आंब्याच्या पेंढ्यात डाळ शिजवा: युद्धातली हेबॉक्स घरच्या घरी

सिलेंडर संपला, नंबर लावला आणि नऊ दिवस झाले तरी पत्ता नाही. घरात एकच इंडक्शन, त्यावर चहापासून कुकरपर्यंत सगळं, म्हणजे सकाळी भांड्यांची रांगच. तेव्हा मला हेबॉक्स आठवली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बायका ही वापरायच्या, एक खोका, त्यात ठासून वाळलेलं गवत आणि मधे उकळी आणून आचेवरून उतरवलेलं भांडं, पुढचं शिजणं आतल्या उष्णतेवरच. बस. डाळ पिठासारखी झाली म्हणून इथे लिहितेय, कुणाला करून बघायची असेल तर.

आधी थोडं तिकडचं. 8 जानेवारी 1940 ला रेशन सुरू झालं, पहिल्यांदा बेकन, लोणी, साखर, मग मटण, चहा असं एकेक करत. चहा माणशी आठवड्याला 2 औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम, आमच्याकडे एवढा दोन दिवसांत उडतो! पण खरी बोंब कोळशाची होती. घरात यायचा तो गॅस कोळशापासूनच बनायचा, वीजही बहुतेक कोळशावरच, कारखान्यांना रात्रंदिवस तोच हवा, आणि खाणीतले कितीतरी गडी फौजेत निघून गेलेले. 1943 च्या डिसेंबरपासून तर सरकारने चिठ्ठ्या काढून भरतीला आलेल्या पोरांतल्या दहातल्या एकाला लढाईऐवजी खाणीत पाठवायला सुरुवात केली, त्यांना बेव्हिन बॉईज म्हणायचे. म्हणून मग अंघोळीला टबात पाचच इंच गरम पाणी घ्या असं सांगणं, बकिंगहॅम पॅलेसच्या टबातसुद्धा रेघ मारलेली. (आपण बादलीवाले, आपल्याला त्याचं काय कौतुक.) बायका कारखान्यात ड्युटीला जायच्या, त्यामुळे सकाळी भांडं पेटीत घालून गेलं की संध्याकाळी जेवण जवळजवळ तयार, हा वेगळा फायदा.

आता पेटी. मे-जून असेल तर हापूसच्या पेटीतला पेंढा फेकू नका, तोच वापरायचा. आंब्याची आढी लावतो ना, अगदी तसंच, फक्त आंब्यांच्या जागी पातेलं. लाकडी पेटी मिळाली तर उत्तम पण माझी अरुंद निघाली, भांडं ठेवल्यावर चारही बाजूंना चार-चार इंच पेंढा बसायला हवा, म्हणून मिक्सर आला होता तो पुठ्ठ्याचा खोका घेतला. आतून वर्तमानपत्राचे सहा-सात थर लावा, फटी राहू देऊ नका, वारा शिरला की उष्णता गेली. तळाला चार इंच पेंढा दाबून बसवा, त्यावर रिकामं पातेलं ठेवा आणि भोवती पेंढा ठासत या. पातेलं उचललं की मधे घरटं दिसलं पाहिजे, कडा ढासळत असतील तर पेंढा कमी आहे. वरून झाकायला जुन्या उशीच्या अभ्र्यात पेंढा भरून जाड उशी शिवायची. पेंढा नसेल तर गोधडी, जुने स्वेटर काहीही चालतं. थर्माकोलचा डबाही चालेल पण गरम भांडं थेट टेकलं तर थर्माकोल मऊ पडून चिकटतो, मधे फडकं हवंच.

भांडं जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं, आणि निदान पाऊण भरलेलं. ही शेवटची गोष्ट मी पहिल्या दिवशी ऐकली नाही, तीन लिटरच्या पातेल्यात दोन वाट्या हरभरे टाकले आणि चार तासांनी दाताखाली कचकच. उष्णता आतल्या अन्न-पाण्यात साठते, भांडंच अर्धं रिकामं तर साठणार कुठे.

तूरडाळ तासभर भिजवा, झाकण लावून पंधरा मिनिटं खळखळ उकळू द्या म्हणजे आतला दाणाही तापतो, मग आच बंद करून एका मिनिटाच्या आत पेटीत. बूड पुसून घ्या आणि गॅसवर भांडं ठेवलं असेल तर ठिणगी वगैरे चिकटलेली नाही ना हे बघाच, पेंढा आहे तो. दोन तासांत डाळ होते. भाताला उकळी आल्यावर पाच मिनिटं, मग पेटीत पाऊण-एक तास. हरभरे रात्रभर भिजवलेले, वीस मिनिटं उकळून चार तास. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमीच घाला, कारण वाफ उडून जात नाही, माझा पहिला भात खीर झाला होता.

आणि मधे झाकण उघडायचं नाही! आमच्याकडे एकजण दर अर्ध्या तासाने "झालं का गं" म्हणून उशी उचलून बघत होता, शेवटी खोक्यावर डिक्शनरी ठेवली. नीट बंद असेल तर तीन तासांनीही आत चांगलं गरम राहतं, मी थर्मामीटर घालून पाहिलं तर 74 डिग्री होतं. 60 च्या खाली बराच वेळ राहिलं तर मात्र अन्न बिघडायची भीती, म्हणून दिवसभर ठेवलंच तर वाढण्याआधी परत एक सणसणीत उकळी द्या. राजमा करणार असाल तर नीट ऐका, भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात आधी दहा मिनिटं जोरात उकळल्याशिवाय पेटीत घालू नका, नाहीतर त्यातलं विष तसंच राहतं आणि उलट्या होतात. मटण-चिकनचं मी केलेलं नाही, करणारही नाही.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, त्यात काय, दह्याला गोधडी गुंडाळतोच की. मग 65 च्या युद्धाची गोष्ट निघाली, शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा म्हटलं तेव्हा आजीकडे सोमवारी रात्री चूलच पेटत नव्हती, आणि 71 च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद. त्यावर ती अर्धा तास बोलत होती, इकडे माझी डाळ पेटीत शिजत होती.

पेंढा दर दोन-तीन दिवसांनी उन्हात घाला, वाफेने दमट होतो आणि मग कुबट वास थेट भाताला लागतो. मी गच्चीत पसरला होता, दुपारी बघते तर कबुतरांनी निम्मा नेलेला, आता वर जाळी टाकते.