एकाच अंकात संपणारं सुपरहिरो कॉमिक, विषय समुद्रातली सुटका

पटकथेला हात घालण्याआधी पानं मोजा. आतली २० पानं आणि वेगळं ४ पानी मुखपृष्ठ हा हिशेब सोयीचा, कारण मधोमध पिन मारलेल्या अंकात पानांची संख्या चारच्या पटीत लागते. पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणजे सम पान नेहमी उलटल्यावरच दिसतं. धक्का सम पानावर द्या, त्याची चाहूल आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. अजस्र लाटेचं दोन पानी चित्र १०-११ वर ठेवा. तो मधला अखंड कागद असतो. तेच ४-५ वर घेतलं तर दोन वेगळे कागद जुळवावे लागतात आणि लाटेची कड मिलिमीटरभर सरकली तरी डोळ्यात खुपते.

सुट्या अंकाच्या वाचकाने मागचं काहीच वाचलेलं नसतं. नायिका कोण, तिला काय जमतं आणि काय जमत नाही, हे पहिल्या चार पानांत कळलं पाहिजे, तेही ती काहीतरी करत असताना. जन्मकथेला एक चौकट पुरे.

जमत नाही ते जास्त महत्त्वाचं. जहाज उचलून बंदरात ठेवता आलं तर गोष्ट तिसऱ्या पानावर संपते. इथे भौतिकशास्त्र मदतीला येतं: जहाजाचा भार पाणी पूर्ण लांबीभर तोलून धरतं. मधोमध दोन हात लावून ते वर उचललं तर दोन्ही टोकं खाली ओढली जातील आणि जहाजाचा कणाच मोडेल. मग माणसं एकेक करूनच काढावी लागतात.

आता घड्याळ लावा. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. अतिथंड पाण्यात पहिलं साधारण मिनिटभर माणूस नुसता धापा टाकतो, पाणी नाकातोंडात जाण्याचा धोका तेव्हाच. पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात. शुद्ध हरपायला मात्र तासभरही लागू शकतो. नवख्या पटकथांमध्ये नेमकं इथे चुकतं: अर्ध्या तासाने दोर फेकला जातो आणि बुडणारा तो पकडून झपाझप वर चढतो. त्याऐवजी असं लिहा:

पान १४, चौकट ३. अगदी जवळून. दोर तळहातावर पडलाय, बोटं मिटत नाहीत. संवाद नाही.
चौकट ४. नायिकेने दोर सोडून पाण्यात सूर मारलाय. फक्त टाचा दिसतात.

तिने त्याला बगलेत धरून सरळ उभा वर खेचू नये. बुडालेल्या अंगावरचा पाण्याचा दाब एकदम नाहीसा झाला की रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब कोसळतो आणि वाचलेला माणूस हातातच दगावू शकतो. आडवा उचलायचा. पान १६ ला याहून चांगला पेच शोधून सापडणार नाही.

माणसं किती, ते पहिल्याच पानावर सांगा, सातच्या वर नको. पाण्यात फक्त डोकी दिसतात, म्हणून प्रत्येकाची खूण मानेच्या वर हवी: टक्कल, दाढी, लोकरी टोपी. वाचक डोकी मोजतोच, त्यामुळे सुटलेल्यांचा हिशेब चौकटीगणिक कागदावर मांडून ठेवा.

चित्रं ११ × १७ इंचांच्या कागदावर काढून लहान करतात. कडेपर्यंत जाणारं चित्र कापणीच्या रेषेबाहेर ३ मिमी वाढवा. पानाला पाच-सहा चौकटी. कच्च्या आराखड्यातल्या प्रत्येक चौकटीत वाऱ्याचा बाण काढा. पाऊस, फेस, केस सगळे त्याच दिशेला. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे ठरली की उजवीकडेच, नाहीतर कोण कुठून येतंय ते कळत नाही. तुषारांसाठी टूथब्रशवर पांढरी शाई घेऊन अंगठ्याने उडवा, पण आधी चेहऱ्यांवर कापलेला कागद ठेवा.

संवादाच्या फुग्यात २५ पेक्षा जास्त शब्द नकोत. वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात, तेव्हा ओळींमध्ये अंतर सढळ सोडा. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींचा पर्याय चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते. छपाईला देण्याआधी प्रत्येक फुगा मोठ्याने वाचा. ‘धडाम’ आणि ‘सूंऽऽ’ मात्र हातानेच काढा, लाटेच्या उताराला धरून.