फिशटँकमध्ये पाणी नीट फिरत नाही? मोठी मोटर घ्यायच्या आधी नॉझल बदलून बघा

माझा टँक ३ फुटी आहे, ३ बाय १ बाय दीड, वाळू-दगड वजा केले तर १०५-११० लिटर पाणी बसतं. डाव्या कोपऱ्यात लाकडाच्या मागे कायम घाण साचायची, रविवारी पाइप घालून ओढून काढली की बुधवारपर्यंत परत तेवढीच. दुकानदार म्हणाला मोटर मोठी लावा, लावली. घाण जागची हलली नाही, मासे मात्र सगळे एका बाजूला दडून बसले, कारण समोरून नुसता फवारा आणि लाकडामागे पाणी होतं तसंच गप्प.

तेव्हा डोक्यात शिरलं की पाणी किती सोडतो यापेक्षा ते किती पाण्याला सोबत घेऊन जातं हे बघायला पाहिजे.

ईडक्टर नावाचं नॉझल, म्हणजे मोटरच्या पाइपच्या टोकाला लावायचं तोंड, हेच करतं. आत एक बारीक तोंड, त्याच्याभोवती जरा मोठी नळी, आणि दोघांच्या मध्ये बाजूला मोकळ्या खाचा. बारीक तोंडातून पाणी जोरात सुटतं आणि खाचांमधून आजूबाजूचं पाणी आत खेचून घेतं, फास्ट लोकल न थांबता प्लॅटफॉर्मवरून गेली की कागद-पिशव्या कशा तिच्यामागे ओढल्या जातात, तसं. विकणारे सांगतात की १ लिटर सोडलं तर ३-४ लिटर आणखी ओढतं. ओढतं हे खरं, पण फुकट काही नाही, पाणी जेवढं वाढतं तेवढा वेग कमी होतो. आणि आपल्याला तेच तर हवंय, माशाच्या तोंडावर पिचकारी नको, सगळं पाणी एकत्र हळू सरकायला पाहिजे.

आता मेन गोष्ट, इथेच लोकांचे पैसे वाया जातात. ईडक्टरला दाब लागतो. मोटरच्या खोक्यावर दोन आकडे असतात, एफ-मॅक्स म्हणजे तासाला किती लिटर आणि एच-मॅक्स म्हणजे किती उंच चढवते, आपण सगळे पहिलाच बघतो. दुसरा बघा. त्या उंचीला मोटर पोचते तेव्हा पाणी शून्य झालेलं असतं. आणि बारीक तोंडातून पाणी ढकलणं हे उंच चढवण्यासारखंच आहे. तासाला १००० लिटर १२ मिमीच्या भोकातून ढकलायचे तर साधारण ३० सेंटीमीटर उंचीएवढा दाब लागतो, १० मिमीला ६५ च्या आसपास, आणि ८ मिमीला थेट दीड मीटर! भोकाचा व्यास अर्धा केला की तेवढ्याच पाण्याला १६ पट दाब, असा हिशोब आहे.

म्हणजे १००० लिटर आणि १.८ मीटरवाली मोटर टँकमध्येच बुडवून ठेवली असेल तर ८ मिमीच्या तोंडातून ढोबळमानाने साडेसहाशे लिटर निघेल, ठीक आहे, ओढलेलं पाणी धरून फायदाच. पण तीच मोटर खाली संपमध्ये (टँकच्या खाली ठेवलेली फिल्टरची टाकी) असेल आणि मीटरभर वर चढवत असेल तर जेमतेम साडेतीनशे. टँकचं पाणी फिल्टरमधून तासाला ४-६ वेळा जायला पाहिजे असं आपण धरतो, म्हणजे माझ्या टँकला ४४० ते ६६०, तर इथे फिल्टरच उपाशी राहिला. म्हणून माझं मत, ईडक्टर फिल्टरच्या लाइनवर नको, त्याला वेगळी छोटी सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायची मोटर, द्या. आणि वेव्हमेकरला तर लावूच नका, तो पंख्यासारखा असतो, पाणी भरपूर हलवतो पण दाब काहीच नाही, तोंड बारीक केलं की संपला.

खोक्यावरच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून बादली लावा. नॉझल लावलेला पाइप टँकच्या पाण्याच्या लेव्हललाच धरून २० लिटरच्या बादलीत सोडायचा आणि मोबाइलवर टाइम लावायचा. ९० सेकंदात भरली तर तासाला ८०० लिटर. हवेत धरल्यामुळे नॉझल बाजूचं पाणी ओढत नाही, म्हणून हा आकडा फक्त मोटरचा, आणि आपल्याला तोच हवाय. नॉझल काढून परत एकदा मोजा, फरक किती ते कळेल. निम्म्याखाली आलं तर मोठ्या तोंडाचं नॉझल घ्या.

बसवताना टँकच्या लांबीच्या दिशेने बसवा, पुढच्या काचेजवळून समोरच्या कोपऱ्याकडे तोंड, म्हणजे पाणी तिकडे आपटून मागच्या काचेने परत येतं आणि गोल फिरतं. काचेपासून २-३ इंच लांबच ठेवा, खाचा काचेला चिकटल्या की ओढणार काय? पाण्याच्या वरच्या पातळीपासूनही ४-५ इंच खाली, नाहीतर हवा ओढतं, बुडबुडे येतात आणि रात्रभर गुरगुर चालू. मग फ्लेक फूड बोटांनी चुरडून चिमूटभर टाका आणि कण कुठे जाऊन थांबतात ते ५ मिनिटं बघत बसा. माझ्याकडे पहिल्या दिवशी कण लाकडामागेच जाऊन बसले, तोंड दोन बोटं वळवलं आणि कोपरा मोकळा झाला. एवढ्यासाठी मी मोठी मोटर घेतली होती!

ज्यांना एवढी कटकट नको त्यांच्यासाठी चपट्या तोंडाचं नॉझल आहे, पाणी पंख्यासारखं पसरवतं, ओढत कमी पण छोट्या टँकला पुरतं.

मासे बघून ठरवा. मिस केरला, डॅनिओ हे वाहत्या पाण्यातले, ते प्रवाहात तोंड घालून मजेत पोहतात. फायटर किंवा लांब शेपटीचा गोल्डफिश असेल तर हा सगळा उद्योग नकोच, बिचारे दमतात. गप्पीची पिल्लं आणि श्रिंप असतील तर खाचांवर जाळी लावा, पण जाळी दर आठवड्याला धुवा, शेवाळ बसलं की ईडक्टर म्हणजे नुसता नळ. बोअरचं पाणी असेल तर तोंडाला पांढरा थर धरतो, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ब्रशने घासलं की निघतो, घासल्यावर साध्या पाण्याने नीट धुवून घ्या.

उन्हाळ्यात तोंड थोडं वर करा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलतो. २५ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसातच, आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. झाडांना सीओटू देत असाल तर वरचं पाणी जास्त खळबळवू नका, गॅस उडून जातो, त्यांनी दिवसा तोंड खाली आणि रात्री वर.

आणि संपवाल्यांनो, रिटर्न पाइपवर (संपमधून पाणी परत वर टँकमध्ये आणणारा) नॉझल लावून ते पाण्याखाली ठेवलंत तर लाइट गेल्यावर तेच नॉझल उलटं पाणी ओढायला लागतं आणि वरचा टँक नॉझलच्या लेव्हलपर्यंत खाली रिकामा होतो. मला हे हॉलमधली फरशी पुसताना कळलं. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या अगदी जरासं खाली ३-४ मिमीचं भोक पाडा, पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. चालू असताना त्यातून बारीक धार येत राहील, येऊ द्या. ते भोक गोगलगायीने बुजवलंय का ते मात्र महिन्यातून एकदा बघा, आणि पाडल्यावर लगेच मोटरचा प्लग काढून संपमध्ये पाणी कुठवर चढतं ते समोर उभं राहून बघा.